विमलानं संसार सोडला

घशाच्या कर्करोगातून उठलेला माणूस लिहायला बसला की तो पहिल्याच ओळीत म्हणतो, हिंमत ठेवा. मला ते जमणार नाही, कारण माझ्याकडे ती नव्हती. माझ्याकडे होता एक बाक, त्यावर बसणारी दोन माणसं आणि एक रेडिओ. त्या दोघांपैकी एकीशी मी जे वागलो ते सांगितल्याशिवाय माझं आजारपण संपत नाही. तुमच्यापैकी कुणाची सिकाई सुरू होणार असेल (ग्वाल्हेरला रेडिएशनला सगळे सिकाईच म्हणतात, जणू कंबर धरली आहे), तर माझ्या चुका वाचून ठेवा. नव्या करायला तुम्हाला भरपूर जागा राहील.

पेशी

दिवाळीपासून आवाज बसला होता. मी ज्येष्ठमध चघळलं, हळदीचं दूध प्यालो, शेजारच्या मिश्राजींनी सांगितलेला काळ्या मिरीचा काढा प्यालो. खरं सांगायचं तर मला तो बसलेला आवाज आवडायला लागला होता. फोनवर लोकांना वाटायचं, कुणीतरी वजनदार माणूस बोलतो आहे. चौतीस वर्षं मी कचेरीत साहेबांच्या पायाशी बसून तारखा देणारा पेशकार होतो. वजनदार माणूस वाटण्याची संधी निवृत्तीनंतर आली, ती मी चार महिने उपभोगली. ही पहिली चूक.

घशातला तुकडा काढून तपासायला पाठवला, त्याचा रिपोर्ट सांगायला जे डॉक्टर बसले होते ते सांगलीकडचे, तरुण, ग्वाल्हेरला येऊन त्यांना दोनच महिने झालेले. फायलीवर 'पागे' वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"काका, मराठी ना?"

"हो, म्हणजे इथलेच. पिढ्यान् पिढ्या."

त्यांनी बरेच दिवस साठवलेलं सगळं मराठी माझ्यावर ओतलं. हवापाणी झालं, जेवणखाण झालं, मग म्हणाले, "काका, पेशी चांगल्या नाहीत."

आता ग्वाल्हेरची मराठी कैक पिढ्या हिंदीच्या घरात भाड्यानं राहते आहे. दोघींचा एखाद्या शब्दावरून वाद झाला की घरमालकिणीचा अर्थ चालतो. पेशी म्हणजे साहेबांसमोर उभं राहणं. आज ज्याची पेशी, त्यानं हजर व्हायचं, आणि मी त्याला पुढची तारीख द्यायची. मी सरळ मनानं विचारलं, "माझी कसली पेशी? मी तर रिटायर होऊन गेलो. बरं, तारीख कोणती पडली?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, तारखेचं इतक्यात बोलायचं नाही. आपल्याला वेळेत सापडलं आहे."

त्यांच्या त्या हातामुळे मला सगळं कळलं.

पोथी

तो कागद मी घरी आणून देवघरातल्या पोथीत ठेवला. शैलाला, म्हणजे बायकोला, एकदम धक्का नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की, तिला सांगितलं की ते खरं होणार होतं. पोथी ती फक्त गुरुवारी उघडते. मी सोमवारी ठेवला. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या तारखा सांभाळलेल्या माणसाला आठवड्यात गुरुवार येतो हे आठवलं नाही.

ती रडली नाही. कागद हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"हे कधीचं?"

"सोमवारचं."

"सोमवारी रात्री तुम्ही मला वांग्यात मीठ कमी म्हणून बोललात."

"हो."

"हे खिशात असताना?"

"पोथीत होतं," मी म्हणालो. विनोद करायची ही वेळ नव्हे, हे मला वाक्य संपल्यावर कळतं. आयुष्यभर तसंच आहे.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझा आवाज आधीच गेलेला, तिनं तिचा बंद केला. आमच्या हरिशंकरपुरमच्या घरात कुकरची शिट्टी तेवढी बोलायची. तिसऱ्या दिवशी ती रिक्षात माझ्याशेजारी येऊन बसली, फाईल मांडीवर धरून. सिकाईचे पुढचे तेहेतीस शेक होईपर्यंत ती फाईल तिनं माझ्या हातात दिली नाही. बरोबरच केलं.

घरच्यांना सांगायचं असेल तर त्याच दिवशी सांगा. तुम्हाला वाटतं तुम्ही त्यांना चार दिवस दिलेत. त्यांच्या हिशेबी तुम्ही ते चार दिवस त्यांच्यापासून चोरलेत.

बाक

मशीन तळघरात होतं. बसायची जागा वरच्या मजल्यावर, लांब हॉल आणि भिंतीकडेनं बाक. पण खिडकीशी एक बाक होता, तिथं फक्त दोघे बसायचे, आणि तिथून दीड वाजता गाण्याची धून यायची.

पहिल्या दिवशी मी तिथं गेलो तो रिकामी जागा दिसली म्हणून. बसायच्या आत एक म्हातारी म्हणाली, "बसून जा, पण बोलू नकोस. विमलाच्या सासूचं चाललंय."

या सुमनकाकू. पाटणकर बाजारात राहायच्या, वय चौऱ्याहत्तर. माझ्यापेक्षा अकराच वर्षांनी मोठ्या, तरी काकू, कारण अख्खा हॉल काकू म्हणायचा. चाळीस वर्षं त्यांनी घरी मशीनवर ब्लाउज शिवले. अर्ध्या लष्कर भागातल्या बायकांची मापं त्यांना पाठ होती. मशीनशेजारी रेडिओ, आणि रेडिओवर सोमवार ते शुक्रवार 'नीमवाली गली' ही हिंदी मालिका, पहिल्या भागापासून, बावीस वर्षं. आता अन्ननलिकेत रोग निघाला. गिळता येत नव्हतं, पण सून वंदना त्यांना स्कूटरवर मागं बसवून आणायची आणि त्या रेडिओ गळ्यात अडकवून यायच्या. त्याला त्यांनी खणाची खोळ शिवली होती, पट्टा लावून, कानाशी जाळीचं कापड. तळघरात रेडिओ लागत नाही, म्हणून त्यांनी खिडकी धरली होती.

दुसरे गुप्ताजी. टोपी बाजारात त्यांचं बटणं, लेस आणि गोटा-किनारीचं ठोक दुकान. गालाचं ऑपरेशन झालेलं, बोलता येत नव्हतं. शाळेतली पाटी आणि खडू घेऊन बसायचे. दुकानात वर्षानुवर्षं हीच मालिका लावून बसलेला माणूस. काकूंना लेस विकलेलीही होती, पण दोघांना एकमेकांची खरी ओळख इथं झाली.

म्हणजे बघा, एकाला गिळता येत नाही, एकाला बोलता येत नाही, आणि माझं बोलणं डॉक्टरांनी मना केलेलं. या तिघांची रोज अर्धा तास चर्चा. एवढी मोठ्यानं चर्चा मी कोर्टातही ऐकली नाही.

सुरुवातीला मी थट्टाच केली. "काकू, बावीस वर्षांत एक गल्ली ओलांडता आली नाही यांना?"

"तुला आली का रे? तूपण ग्वाल्हेरातच आहेस की."

गुप्ताजींनी पाटीवर लिहिलं, 'चुप करा दिया।' आणि माझ्याकडे दाखवली, मग मुद्दाम हॉलमधल्या सगळ्यांकडे फिरवली.

पुढच्या आठवड्यात मी त्या गल्लीत राहायला गेलो. विमला कोण, निर्मला कोण, दुबईला गेलेला नवरा रमेश कोणाचा, हे मी रोज चुकायचो. काकूंनी मापांच्या वहीचं एक पान फाडून मला वंशावळ काढून दिली. ती काढताना त्यांच्या डाव्या हाताच्या बोटावर एक काळी खूण दिसली.

"ही काय, काकू?"

"एका भागाला सुई आरपार गेली. ऐकता ऐकता."

कुठल्या भागाला, हे मी विचारलं नाही. माझ्या सगळ्या चुकांमधली ही सर्वांत लहान, आणि हीच मला महागात पडली.

मुखवटा

शेक घेताना दुखत नाही. हे खरं आहे, आणि तरी पूर्ण खरं नाही. गरम पाण्यात मऊ केलेली एक जाळी तोंडावर दाबून तुमच्याच चेहऱ्याचा साचा काढतात. मग रोज तो साचा तुमच्या तोंडावर बसवून चारी बाजूंनी टेबलाला कडी लावून टाकतात. सगळे बाहेर जातात, जाड दार लागतं. "बाबूजी, हिलना मत," असं भिंतीतून ऐकू येतं. हलणार कुठं? पहिल्या दिवशी मी मनात ओरडलो. घाबरलो म्हणून नव्हे, असं लिहिणार होतो. घाबरलो म्हणूनच.

दुसऱ्या दिवसापासून मी आत मनातल्या मनात 'नीमवाली गली'ची धून म्हणायला लागलो. सुरुवातीची बासरी, मग ढोलक, मग बायकांचा आवाज. साधारण सहा वेळा म्हटली की दार उघडायचं. ज्यांना देवाचं नाव आठवतं त्यांनी ते घ्यावं. मला हे आठवलं.

तिसऱ्या आठवड्यात चव गेली. मग मी एक पराक्रम केला. शैला औषधं घ्यायला गेली तेवढ्यात फाटकाबाहेरच्या गाड्यावर जाऊन एक कचोरी खाल्ली. चव लागते का, हे बघायचं होतं. चव लागली नाही, पण ती कचोरी कुठून कुठून गेली याचा नकाशा मला आजही काढता येईल. बाकावर येऊन मी डोळ्यांतून पाणी काढत बसलो. गुप्ताजींनी माझ्या शर्टावरचा पापुद्रा उचलून पुरावा म्हणून काकूंना दाखवला.

काकू म्हणाल्या, "कशी होती?"

"गरम."

"आणखी?"

"आणखी काही नाही, काकू."

पाच महिन्यांपासून काकूंच्या घशाखाली चमचाभर पेजेशिवाय काही उतरलं नव्हतं. "तरी," त्या म्हणाल्या, "आत गेली ना."

शुक्रवारचं पत्र

त्या शुक्रवारी मालिकेत विमलाचा नवरा रमेश दुबईहून परत येतो, घर रिकामं, उशाखाली विमलाचं पत्र. तो वाचतो, "मैं यह संसार छोड़कर जा रही हूँ। मुझे ढूँढ़ना मत।" आणि धून.

मग गुप्ताजींनी एकच शब्द लिहिला, 'गई।'

"कुठं गेली?" काकू म्हणाल्या. "माहेरी गेली असेल."

गुप्ताजींनी पाटी पुसून लिहिलं, 'संसार = दुनिया.' त्याखाली रेघ मारली.

"तुमच्याकडे असेल दुनिया. आमच्याकडे संसार म्हणजे चूल, सासू, नवरा. एवढं सगळं बाईला सोडता येतं, जीव कशाला सोडेल? काय रे पागे?"

'नाटक हिंदी है।'

"पण बाई तर बाई आहे ना!"

दोन्ही भाषा दोघांनाही येत होत्या, हे लक्षात घ्या. काकूंनी आयुष्यभर हिंदी बोलून ब्लाउज विकले होते. त्या शब्दाचा हिंदी अर्थ त्यांना माहीत नव्हता असं नाही. त्यांनी मराठी अर्थ निवडला. विमलाला जगातून जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून सासरहून घालवली.

मी पेशकार, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी उभा राहून खरखरत्या आवाजात जाहीर केलं, "फैसला सुरक्षित, निकाल राखून ठेवलाय. सोमवारी पेशी."

सोमवारी रेडिओवर क्रिकेटचं धावतं वर्णन होतं. मंगळवारी, बुधवारीही. मग मालिकेचे जुनेच भाग लागायला लागले. काकू रोज धून ऐकून पुढं सरकायच्या आणि पहिल्या वाक्याला मागं टेकायच्या. मोबाईलवर शोधलं, पुढचे भाग कुठंच नव्हते. त्याच्या पुढच्या शुक्रवारी काकू आल्या नाहीत. सोमवारीही नाहीत.

मंगळवारी वंदना एकटी आली, कागद न्यायला. ती माझ्याशेजारी बसली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "काका, सिकाई बंद केली आहे. डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही. पण आईंना आम्ही सांगितलंय, अशक्तपणा आहे, दहा दिवस आराम, मग फिर से शुरू."

"त्यांनी मानलं?"

"मानलंच. त्यांना फक्त तुमच्या त्या विमलाचं पडलंय. दीड वाजता गोळीनं त्या झोपून जातात. उठल्या की विचारतात, काय झालं. मला तर ते विमला-निर्मला काही कळत नाही. काका, तुम्ही एकदा या ना. काहीतरी सांगून द्या त्यांना."

काहीतरी सांगून द्या. मला तेवढंच पाहिजे होतं.

खोटा भाग

बुधवारी शेक झाल्यावर शैलाला मी पाटणकर बाजाराच्या तोंडाशी थांबवलं आणि एकटाच जिना चढलो. रिक्षात बसून मी अख्खा भाग तयार केला होता.

काकूंचा पलंग मशीनशेजारीच होता. त्या उशीएवढ्या झाल्या होत्या. रेडिओ खोळीत, उशाशी.

"लागला का?"

"काल लागला, काकू! आणि तुम्ही झोपलेल्या!"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, ऐकायची तयारी. मी सुरू झालो. आगगाडी येते. विमला एका छोट्या स्टेशनावर उतरते. पावलांचा आवाज मी मशीनच्या फळीवर बोटं वाजवून काढला. ती माहेरच्या दाराशी उभी राहते. कडी वाजवते. आतून आवाज येतो, "कौन है?" मी माझ्या उरल्यासुरल्या आवाजातून म्हातारीचा आवाज काढला. दार उघडतं. "आ गई, बिटिया?" आई तिला पोटाशी धरते. धून. धूनसुद्धा मी वाजवली, ढोलकासकट.

काकूंनी डोळे उघडले नाहीत.

"दार आईनं उघडलं?"

"हो."

"विमलाच्या आईनं?"

"हो, काकू. सख्ख्या आईनं."

त्यांनी डावा हात पांघरुणातून काढून तर्जनी माझ्यासमोर धरली. ती काळी खूण. "विमलाची आई मेली त्या भागाला ही सुई गेली. अकरा वर्षं झाली. मेलेल्या बाईला तू दार उघडायला उठवलंस, पागे?"

"ते... स्वप्न होतं तिचं. मी सांगायला विसरलो."

त्या हसल्या. हसताना दुखलं, म्हणून हात छातीवर धरला, तरी हसल्या. मीही हसलो. मला वाटलं, निभावलं. मग त्या मशीनकडे बघून म्हणाल्या,

"ब्लाउज बिघडला ना, की मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. बाई, खांद्यात चुकलंय, ठेवून जा, उसवून शिवते. फक्त एखादीचं लग्न दुसऱ्या दिवशी असलं, तर तिला म्हणायची, छान बसलाय. उसवायला वेळच नसायचा."

मी मशीनच्या फळीवरचा हात काढून घेतला.

"मी बरी होणार असते तर तू म्हणाला असतास, थांबा काकू, लागेल तेव्हा कळेल. माझ्याकडे उसवायला वेळ नाही, होय ना?"

चौतीस वर्षं मी बघितलं होतं की, प्रश्नाला उत्तर न देणारा माणूस उत्तर देऊन बसलेला असतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे विनोद नव्हता. घरातल्या माणसांनी आठवडाभर डोळ्यांत तेल घालून जे लपवलं, ते मी ढोलक वाजवून सांगून आलो होतो.

शेवटी काकूंनीच मला सोडवलं. "वंदनाला कळू देऊ नकोस, मला कळलंय म्हणून. फार कष्टानं लपवते आहे बिचारी." पुढं म्हणाल्या, "आणि खरा भाग लागला की मला सांगायला येऊ नकोस. निकाल तेवढा नीट दे. गुप्ता हिंदी-हिंदी करेल. ऐकू नकोस त्याचं."

"काकू, मी..."

"जा. शैला खाली उभी असेल. उन्हात कशाला ठेवलीस तिला?"

रिक्षात

मी शैलाला सगळं सांगितलं. कागद पोथीत ठेवण्याइतकासुद्धा वेळ घेतला नाही. ऐकून झाल्यावर तिनं फाईलची दोरी पुन्हा बांधली. मी वाट बघत होतो की ती मला बोलेल. मला ते हवं होतं.

"मला तुम्ही चार दिवस दिले नव्हते," ती म्हणाली. "त्यांना आता जेवढे असतील तेवढे त्यांचे तरी आहेत."

हे तिनं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच तिला तसं वाटलं, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. रिक्षावाल्यानं मागं वळून, "कहाँ रोकूँ?" असं विचारेपर्यंत आम्ही दोघं हरिशंकरपुरम ओलांडून पुढं आलो होतो.

काकू त्यानंतर सात दिवस होत्या. वंदनानं नंतर सांगितलं की, त्या दिवसांत एका सकाळी त्यांनी तिला मशीनवर बसवलं, स्वतःची मोठी कात्री तिच्या हातात दिली आणि तिच्याच मापाचा एक ब्लाउज पलंगावरून बोलून बोलून तिच्याकडून कापून घेतला. शिवायचा राहिला. "आई म्हणाल्या, शिवायची घाई नाही," वंदना म्हणाली. "मला वाटलं, त्यांना वाटतंय त्या बऱ्या होणार आहेत." मी मान हलवली. काकूंना दिलेला शब्द होता. वंदना हे वाचेल तेव्हा तो मोडेल. पण आता ते तिला कळलेलं बरं, असं मला वाटतं. चूक असेल तर माझ्या यादीत आणखी एक.

मी स्मशानात गेलो नाही. शेक चालू असताना गर्दीत, धुरात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या दिवशी मी दीड वाजता बाकावर होतो. गुप्ताजी होते. मध्ये काकूंची जागा होती. जुना भाग लागला असणार, पण आमच्याकडे रेडिओ नव्हता. मी गुप्ताजींना खोट्या भागाची गोष्ट सांगितली, सुईपासून आईनं दार उघडेपर्यंत, कुजबुजत, अडखळत. त्यांनी पाटी मांडीवर पालथी ठेवली.

तेहेतिसावा

दोन दिवसांनी वंदना येऊन रेडिओ देऊन गेली. खोळीसकट. "आईंनी सांगितलं होतं, बाकावर द्यायचा," एवढंच म्हणाली.

माझा शेवटचा शेक सोमवारी होता. शैला खाली कागदांवर सह्या घेत फिरत होती. दीड वाजला, धून लागली आणि निवेदिकेनं नेहमीपेक्षा वेगळं वाक्य म्हटलं: आज से आगे की कहानी. मी गुप्ताजींचा हात धरला. तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं, "मोरेश्वर पागे!"

पेशी टाळता येत नाही. मी गुप्ताजींकडे बघितलं, त्यांनी रेडिओ कानाशी धरला आणि हातानं सांगितलं, जा.

मुखवटा बसला. कड्या लागल्या. मी धून म्हणायला सुरुवात केली, पण सहाव्या वेळी थांबलो नाही. सात झाली, आठ झाली. वर काय चाललं असेल, हे डोक्यातून जाईना. दार उघडलं तेव्हा मी कड्या सुटायच्या आत उठायला गेलो आणि मुखवट्याला नाक आपटून घेतलं. शेवटच्या दिवशी इतर लोक त्या मशीनला हात जोडतात. मी नाक चोळत जिना चढलो.

भाग संपला होता. गुप्ताजींनी रेडिओ काकूंच्या जागेवर ठेवला होता आणि पाटी छातीशी उलटी धरली होती. माझा आवाज तोपर्यंत पूर्ण गेला होता. मी नुसती हनुवटी उचलली, काय झालं?

मृत्यूच्या बाजूनं वाद घातलेला तो माणूस. त्याचे डोळे लाल होते. एकदा खिडकीकडे बघून त्यांनी पाटी सावकाश माझ्याकडे फिरवली. त्यावर लिहिलं होतं,

'अपनी माँ के पास है।'

मी बसलो. विमलाची आई जाऊन अकरा वर्षं झालेली, म्हणजे आता विमलाही गेली होती. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि आमच्या दोघांच्या मध्ये खणाच्या खोळीत ठेवलेल्या रेडिओच्या मालकिणीला सर्वांत आधी माहीत होतं.

गुप्ताजींनी खडू माझ्यापुढं केला. निकाल राहिला होता. मी त्यांच्या ओळीखाली, मराठीत लिहिलं,

'माहेरीच गेली. काकू बरोबर.'

त्यांनी ते वाचलं, खडू खिशात टाकला आणि सही केल्यासारखा खाली अंगठा दाबला.